आईचा उजवा हात

आईचा उजवा हात वर जाईनासा झाला तो एका सोमवारी सकाळी, पोरीच्या आंघोळीच्या ऐन वेळी. चौऱ्याऐंशी साल, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातलं आमचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. आई बाथटबमध्ये पाय लांब करून बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांवर पाच महिन्यांची माझी लेक पालथी, तेलाने चकचकीत. शेजारी गरम पाण्याची बादली. त्या बिल्डिंगमध्ये टबाचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. आईने प्लास्टिकचा मग भरला, पाणी घालायला हात उचलला, आणि तो कमरेच्या जरा वर येऊन थांबला.

“अगं, इकडे ये जरा,” ती म्हणाली. “हे काय होऊन राहिलं बघ.”

मी धावत गेले. बोटं हलत होती, मनगट फिरत होतं, मग घट्ट धरलेला होता, पण हात खांद्यातून म्हणून वर जाईना. मी धरून उचलायला गेले तर आई कळवळली. पोरीला वाटलं आज नवीन खेळ काढलाय. ती पालथ्यापालथी पाय झाडत हसायला लागली.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होते. उंदरांच्या यकृतांत माझी चार वर्षं गेली होती आणि थिसिस शेवटाला आला होता. नवरा टेलिफोन कंपनीत इंजिनिअर, सकाळी सातला जायचा तो संध्याकाळी उगवायचा. आई नागपूरहून माझ्या बाळंतपणाला आली, म्हणून मी लॅबमध्ये परत पाय ठेवू शकले. तेव्हा तो नुसता आईचा हात नव्हता. पोरीची आंघोळ, तिची झोप, आमची पोळीभाजी आणि माझा थिसिस, सगळं त्या हाताला लटकलेलं होतं. आईच्या दुखण्याबद्दल असं बोलायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आदल्याच दिवशी मी आईला एक सरप्राइज दिलं होतं. तिला अमेरिकेत राहायची सहा महिन्यांची परवानगी होती, ती संपत आली होती. मी गुपचूप फॉर्म भरून मुक्काम आणखी सहा महिने वाढवून घेतला. “आई, इथे सही कर,” म्हणून कागद पुढे केला होता. जन्मभर पोस्टात नोकरी केलेली बाई, न वाचता कशावरही सही करत नसे. माझ्या कागदावर मात्र चष्मा न लावता केली. मंजुरीचं पत्र आलं तसं मी रविवारच्या जेवणात श्रीखंड केलं आणि ते पत्र तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

“बरं झालं,” आई पत्र वाचून म्हणाली. “अजून सहा महिने नातीजवळ.” आणि तिने मला आणखी एक डाव श्रीखंड वाढलं.

आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला, त्यातून आईला, ‘कधी जाणार’ असं कुणी विचारत नाही. तो प्रश्न तोंडातून निघाला की त्याचा अर्थ ‘आता निघा’ असाच होतो. आलेलं माणूसही ‘मला जायचंय’ म्हणत नाही. म्हटलं तर घरच्यांनी करण्यात काही कमी ठेवलं असं होतं. दोन्हीकडून गप्प बसायचं आणि काय ते तिकिटाने ठरवायचं. मी त्या तिकिटाचीच तारीख पुढे ढकलली होती, वर श्रीखंडही केलं होतं.

पण तेव्हा हे कुठे सुचायला! मला सुचला हाडांचा डॉक्टर. त्याने एक्स-रे काढला, रक्त तपासलं, मान वाकवून बघितली. सगळं स्वच्छ. खांदा आखडला असेल म्हणाला आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. आई बिचारी रोज सकाळी भिंतीपुढे उभी राहायची, बोटं कमरेपासून बरगडीपर्यंत चढायची आणि तिथून मुकाट्याने उतरायची. मराठी मंडळाच्या जेवणात तो एक्स-रे हातोहात फिरला. एका काकांनी तो ट्यूबलाइटला धरून “काही नाही यार, एकदम क्लीन आहे,” असा निकाल दिला. एका काकूंनी आंबेहळद सांगितली, दुसरीने एरंडेल, तिसरीने सांगितलं की नजर लागलीय. तीन आठवडे गेले, हात होता तिथेच. पोरीला आंघोळ मी घालायला लागले, आणि साबण लावलेली पोर माझ्या हातातून दोनदा निसटली. लॅबमध्ये उंदीर माझी वाट बघत होते.

आता डॉक्टरांबद्दल सांगते. हाडांच्या नव्हे, माझ्या डॉक्टरांबद्दल.

दर बुधवारी दुपारी मी नदीपलीकडच्या गावात एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे टायपिंगला जायचे. वय ब्याऐंशी, एकटे, घरात पुस्तकं आणि फडताळभर बिनकामाच्या काचेच्या बरण्या. लढाईच्या आधी जर्मनीतून जीव वाचवून आलेले. माझ्या गाइडने आमची गाठ घालून दिली होती. मी त्यांचं पुस्तक टाइप करायचं, त्यांनी माझ्या थिसिसचं इंग्रजी सुधारायचं. जर्मन माणसाने मराठी बाईचं इंग्रजी सुधारलं, तेव्हा ते कसलं झालं असेल ते परीक्षकांनाच ठाऊक. पण माझी तक्रार नव्हती. मला ते आवडायचे, कारण माझ्यासारखेच ते चटकन चिडायचे आणि चटकन विसरायचे.

पुस्तक त्यांच्या गुरूंवर होतं. हे गुरू जर्मनीत जंगलाच्या कडेला, गरम झऱ्यांच्या गावात, पंधरा-वीस खाटांचं छोटं इस्पितळ चालवायचे. मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी त्यांच्याकडे यायचे. ते रोग्याला आधी कढत पाण्यात बसवायचे, मग स्वतःच्या हातांनी असं रगडायचे की रोगी ओरडायचा. जेवण मोजकं द्यायचे. आणि रगडता रगडता विचारायचे, हे दुखणं तुझ्या कोणत्या उपयोगाचं आहे? हे तुला काय करू देत नाही? त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या आत कुणीतरी अनोळखी राहतं. ते आपल्याला जगवतं, हसवतं, आणि तोंडाने बोलता येत नाही ते अंगाने बोलून दाखवतं. त्याला ते नुसतं ‘ते’ म्हणायचे. आठवड्यातून एकदा सगळ्या रोग्यांना जमवून व्याख्यान द्यायचे, आणि रोगी भर सभेत त्यांच्याशी भांडायचे. त्यांना ते भांडण औषधाइतकंच महत्त्वाचं वाटे.

मनोविश्लेषणाचा शोध लावणाऱ्या व्हिएन्नाच्या त्या मोठ्या प्रोफेसरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. प्रोफेसरांनाही हा धटिंगण माणूस आवडायचा. पुढे त्यांनी तो ‘ते’ शब्द उचलला आणि आपल्या मापाने कापून शिवला. बाकीच्या कडक कॉलरवाल्या मंडळींना मात्र हा मालिशवाला डॉक्टर आपल्यात नको होता. मन आणि शरीर एकत्र तपासायला हवं हे आज पोरंसोरं म्हणतात, तेव्हा म्हणणारे हे. आणि मोठमोठ्या ग्रंथांत त्यांच्या नावावर काय? “एक ओळ,” डॉक्टर टेबलावर मूठ आपटायचे. “तळटिपेत. बारीक टायपात.” तरुणपणी डॉक्टर त्यांचे मदतनीस होते. ती एक ओळ त्यांच्या इतकी जिव्हारी लागली होती, की त्यांनी उत्तरादाखल सहाशे पानं लिहिली होती.

तिसऱ्या आठवड्यात टाइप करता करता मी रडकुंडीला आले आणि आईच्या हाताचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“पुढच्या बुधवारी घेऊन या,” ते म्हणाले. “आणि तिला सांगा, मी काही लिहून देणार नाही, कापणार तर मुळीच नाही.”

मी हो म्हटलं आणि लगेच घाबरले. मी त्या पुस्तकाची चारशे पानं टाइप केली होती. त्यांचे गुरू रोग्यांना काय काय विचारायचे ते मला पाठ झालं होतं, आणि त्यातलं निम्मं मी आईपुढे मेले तरी उच्चारणार नव्हते.

बुधवारी आई तयार झाली. पाचवारी साडी, पायांत माझे स्नीकर्स, अंगात जावयाचं निळं जाकीट, डाव्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. डॉक्टरांनी दारातच वाकून तिचा डावा हात हातात घेतला आणि खुर्चीत बसवलं. दुभाषी मी. पोर माझ्या मांडीवर.

“विचारा,” डॉक्टर म्हणाले, “या हाताला काय करायचं नाहीये?”

मी आईला म्हटलं, “कुठे दुखतंय विचारताहेत.”

आई सुरू झाली. खांद्यापासून सुरुवात केली, मग हाडांच्या डॉक्टरवर आली, मग आंबेहळदीवर, मग म्हणाली की या माणसाच्या घरात जाळी किती झालीत, कुणी काढणारं नाही का. पाच मिनिटं बोलली.

“इथे दुखतं म्हणते,” मी सांगितलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. “एवढ्याशा जागेसाठी एवढं मोठं वाक्य?”

माझे कान तापले. मग त्यांनी जे विचारलं त्याचीच मला धास्ती होती. या बाळाचा तिला राग येतो का? हात फक्त बाळालाच उचलायला तयार नाही असं तर नाही? म्हटलं, आता विचारतेच. मान खाली घालून विचारलं. आईने आधी मला नीट न्याहाळलं, मग त्यांना.

“बावळट आहे का गं हा म्हातारा?” ती शांतपणे म्हणाली. “हा हात पिठाचा डबाही उचलत नाही. मला काय पिठाचा राग आहे? त्याला सांग, लाडू खा. जेवला नसेल दुपारचा, म्हणून असलं सुचतंय.”

“हे पूर्ण भाषांतर करा,” डॉक्टर म्हणाले. “एकही शब्द गाळायचा नाही.”

केलं. बावळटसकट केलं. डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, गुरू असेच रोज सकाळी एकदा तरी चुकायचे आणि रोग्याने चूक दाखवली की खूश व्हायचे. मग त्यांनी दोन लाडू खाल्ले, आणि तिसरा हातात घेऊन मला खोलीबाहेर काढलं.

“तुम्ही जा. तुम्ही फार काळजीपूर्वक ऐकता.”

“तुम्हाला मराठी येत नाही आणि तिला तुमचं इंग्रजी कळायचं नाही,” मी म्हटलं.

“म्हणूनच,” ते म्हणाले, आणि दार लावलं.

मी शेजारच्या खोलीत टाइपरायटरपुढे बसले. पोर कार्पेटवर. आधी पाण्याचा आवाज आला. एका उभट पत्र्याच्या टबात कढत पाणी भरून त्यात हात खांद्याजवळपर्यंत बुडवायचा, ही त्यांच्या गुरूंची खास पद्धत. मग बराच वेळ शांतता. मग आईचा आवाज. “अहो, असं नाही. असं काय कणीक तिंबून राहिले? खालून वर. हं. बोटांनी नाही, तळव्याने. सरका बरं.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग डॉक्टर जर्मनमध्ये काहीतरी कण्हले. मी दार उघडलं तर काय, डॉक्टर शर्टाची एक बाही काढून खुर्चीत बसलेले आणि आई डाव्या हाताने त्यांचा खांदा रगडतेय. टेबलावर खोबरेल तेलाची बाटली. ती तिने पर्समधून आणली होती.

“यांचाही खांदा आखडलाय,” आई म्हणाली. “वर जावईबापूंसारखे पाठीत वाकून बसतात. तू टाइप कर.”

असे तीन बुधवार गेले. मी भिंतीच्या अलीकडे गुरूंचं चरित्र टाइप करायचे आणि पलीकडे त्यांचाच दवाखाना चालू असायचा, फक्त डॉक्टर कोण आणि रोगी कोण ते सांगता येत नव्हतं. गुरू आपल्या रोग्यांकडून स्वतःवर इलाज करून घ्यायचे असं मी तिसऱ्या प्रकरणात टाइप केलं होतं आणि ती मला थाप वाटली होती. आई बुधवारची वाट बघायला लागली. आमच्याकडचा झाडू नेऊन तिने त्यांच्या घरातली जाळी काढलीदेखील, डाव्या हाताने. हात मात्र बरगडीच्या वर जाईना. माझा थिसिस तसाच. मी वैतागले होते, आणि कुणावर वैतागू ते कळत नव्हतं.

चौथ्या बुधवारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आईचा हात पाण्यात होता, डोळे मिटलेले.

“मी तिला खुणेने सांगितलंय की हाताला हवं ते करू दे,” ते हळू आवाजात म्हणाले. “बघा.”

पाण्यात आईची मूठ वळलेली होती, आणि मनगट हळूच पुढे-मागे फिरत होतं. थोडं मागे. थांबलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे, जरा जास्त.

“तीन आठवडे हा हात हेच करतोय,” डॉक्टर म्हणाले. “हे काय आहे? तुमच्याकडे कुलूप असं उघडतात? काही पिळतात?”

मला काही कळेना. “आई,” मी म्हटलं, “हे काय करतेस?”

आईने डोळे उघडले, हाताकडे बघितलं, आणि तो पाण्यातून पटकन बाहेर काढला. चोरी पकडल्यासारखी लाजली. माझी आई, अठ्ठावन्न वर्षांची, टपालखात्यातून निवृत्त, लाजून लालबुंद झाली.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “अॅक्सिलरेटर.”

मग सगळं बाहेर आलं. या वेळी मी शब्दन् शब्द भाषांतर करत गेले, कारण डॉक्टर दर वाक्याला बोट वर करत होते. निवृत्तीनंतर आईने शेजारणीची जुनी मोपेड घेतली होती. बाबा जाऊन बारा वर्षं झाली, मी इथे, भाऊ मुंबईत. भाजीला जायचं तर रिक्षावाल्याची मनधरणी, देवळात जायचं तर कुणाची तरी सोबत. कंटाळली होती. रोज पहाटे अंबाझरीच्या रस्त्यावर जाऊन शिकली. आम्हा मुलांना सांगितलं नाही. भाऊ म्हणाला असता, या वयात पडशील. मीही तेच म्हणाले असते. शिकाऊ लायसन्स काढलं. पर्समध्ये गणपतीच्या फोटोमागे घडी घालून ठेवलेलं ते तिने काढून दाखवलं, फोटोत डोळे विस्फारलेले.

“फक्त डावीकडे वळता येतं अजून,” आई म्हणाली. “उजवीकडे वळायचं तर उजवा हात सोडून असा बाजूला काढून दाखवावा लागतो. आणि अॅक्सिलरेटरही त्याच हातात. सोडला की गाडी मरते नाहीतर मी. म्हणून मी सगळीकडे डावीकडूनच जायची. मंडईला चार डावी वळणं घेऊन जायची. पण आरटीओत परीक्षेला उजवं वळण मागतात ना.”

“मग?” डॉक्टर.

“मग इकडे आले. म्हटलं, सहा महिन्यांत परत जाऊन लायसन्सची मुदत वाढवून घेऊ आणि परीक्षा देऊन टाकू.” ती थांबली. “पण हिने इतक्या हौसेने पत्र ताटाशेजारी ठेवलं. श्रीखंड केलं. तिचा थिसिस आहे. मोपेडसाठी लेकीला टाकून जाऊ का, लोक काय म्हणतील? मलाच काय वाटेल?”

हे वाक्य भाषांतर करताना माझा आवाज फुटला. डॉक्टरांनी मान हलवली, आनंदाने त्यांचे डोळे चमकत होते. मी आईचा हात उचलायला गेले. बरगडीपर्यंत. तिथून पुढे नाही.

परत येताना गाडीत मी चिडले. मला राग येतो तो असाच, चुकीच्या ठिकाणी. सिग्नलला गाडी थांबवली आणि सुरू झाले. की मी रात्रंदिवस तुझ्या हाताचा घोर लावून घेतला, पोर हातातून दोनदा सटकली, मंडळात एक्स-रे दाखवत फिरले, आणि तुझ्या मनात मोपेड. तोंड नव्हतं का तुला? “एवढं जायचं होतं तर जा ना,” मी म्हटलं.

बोलले आणि माझी मलाच थंडी वाजली. असं आईला कुणी म्हणतं?

मागच्या सीटवर पोर चुळबुळत होती. आईने वळून डाव्या हाताने तिला थोपटलं.

“मी कुठे जाऊन राहिले?” ती म्हणाली. “तुझं होऊ दे सगळं. मोपेड काय, पडून राहील. चल, हिरवा झाला.”

म्हणजे पुन्हा सगळं तिथेच. ती जाईन म्हणेना, मी कधी जातेस विचारेना, आणि हात तिच्या मांडीवर पडलेला. आता मला ठाऊक होतं तो काय म्हणतोय, तरी मला ते तोंडाने विचारता येत नव्हतं. चार वर्षं सायन्स शिकून काय उपयोग झाला सांगा.

शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. उद्या सकाळी दहाला हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये या, आईला घेऊन. कशाला ते सांगेनात. नवरा म्हणाला, अगं म्हातारा एक्साइट झालाय, जाऊन येऊ.

गेलो. ऑक्टोबरचं ऊन, अख्खा लॉट रिकामा, आणि मधोमध एक लाल मोपेड. शेजारी डॉक्टर, हॅट घालून, आणि त्यांची शेजारीण, तीस वर्षं स्कूलबस चालवून निवृत्त झालेली उंच बाई. मोपेड तिची, मासे पकडायला जायची.

“माझे गुरू व्याख्यान द्यायचे,” डॉक्टर म्हणाले, “पण ते थकले की सरळ जे हवं ते आणून समोर ठेवायचे.”

आईने मोपेडभोवती एक फेरी मारली. ब्रेक दाबून बघितला, टायर दाबून बघितला. मग पदर खोचला, साडी पायांमधून घेऊन मागे घट्ट बांधली, बसबाईचं मोठं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पेडल मारलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती लॉटच्या पार टोकाला होती, ताठ, जावयाचं जाकीट वाऱ्याने फुगलेलं. डावीकडे वळली. पुन्हा डावीकडे. डावीकडे डावीकडे करत तीन फेऱ्या झाल्या. नवरा टाळ्या वाजवत होता. मी पोरीला छातीशी धरून होते आणि देवाशपथ सांगते, आईला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती, माझ्या लग्नातही नाही.

चौथ्या फेरीला बसबाई लॉटच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी दाखवलं, आता दुसऱ्या बाजूने. आईने वेग कमी केला. मला वाटलं, थांबणार. थांबली नाही. तिचा उजवा हात हँडलवरून सुटला आणि सरळ बाजूला निघाला, खांद्याच्या रेषेत, पाची बोटं ताठ. त्या रिकाम्या लॉटमध्ये मागून कुणीही येत नव्हतं. तरी तिने रीतसर हात दाखवला, दाखवत ठेवला, मग परत मुठीवर आणला आणि उजवीकडे वळली.

मी गाडीच्या चाकाकडे बघत होते, पडते की काय म्हणून. हाताचं माझ्या ध्यानातच आलं नाही. डॉक्टरांनी हॅट काढली तेव्हा मला कळलं.

आई आमच्यासमोर येऊन थांबली. धापा टाकत होती. “पाहिलंस? हात सोडला तरी गाडी मेली नाही.”

“आई,” मी म्हटलं, “तुझा हात.”

तिने हाताकडे बघितलं. वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला, कानापर्यंत, हेल्मेटला टेकेपर्यंत. मग डॉक्टर म्हणाले, “माझे गुरू म्हणाले असते की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि ते खोटं असतं.”

आणि तेव्हा मी विचारलं. “आई, तिकीट कधीचं काढू?”

“शनिवारचं बघ,” आई म्हणाली. क्षणभरही थांबली नाही. “सोमवारी पोचले तर मंगळवारी आरटीओत जाता येईल. मंगळवारी गर्दी कमी असते.”

सगळा हिशेब तयार होता. किती महिने तिने तो मनात धरून ठेवला होता, कुणी विचारेल म्हणून. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. “म्हणजे, तुला चालत असेल तर. तुझा थिसिस…”

“चालेल,” मी म्हटलं. आणि खरंच चालणार होतं. थिसिस पुढे चार महिने लांबला, पोरीला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांभाळलं, आणि उंदरांनी काही तक्रार केली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला फक्त वाईट वाटत होतं आणि फार हलकं वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि मी भर पार्किंग लॉटमध्ये नाक ओढत रडत होते.

“रडून काय राहिली?” आई म्हणाली. मोपेड तिने स्टँडवर लावली आणि दोन्ही हात पुढे केले. “आण तिला इकडे.”

मी पोर दिली. आईने तिला दोन्ही हातांनी उचललं, खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत, मग डोक्याच्याही वर. पोर तिथून आम्हा सगळ्यांकडे बघून बोळकं पसरून हसली, आणि तिची लाळ आईच्या हेल्मेटवर टपटप पडत राहिली.